नि-चौदा

वहिनींकडे येणारी माणसं दोन प्रकारची असतात. काहींचं काहीतरी गेलेलं असतं, तर काहींना लाज वाटत असते. पहिल्या प्रकारची माणसं खुर्चीत मागे टेकून बसतात. दुसऱ्या प्रकारची कडेला बसतात.

बुधवारी दुपारी आलेल्या बाई खुर्चीच्या इतक्या कडेला बसल्या होत्या, की त्या घसरल्या तर झेलायला भावोजींनी दोन्ही हात मोकळे ठेवले.

वहिनी म्हणजे पंचवीस वर्षं एका विमा कंपनीत दावे तपासून निवृत्त झालेल्या बाई. आता खासगी तपास करतात. भावोजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर, शाळेतले निवृत्त विज्ञानशिक्षक. येणाऱ्या प्रत्येकाला भावोजी "या माझ्या वहिनी" एवढीच ओळख करून देत. त्यामुळे चोरापासून न्यायाधीशापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. काहींना शिक्षा झाल्यावरसुद्धा.

"पोलिसांत का गेला नाहीत?" वहिनींनी विचारलं.

"काय सांगू जाऊन? अर्ध्या करंगळीएवढी कुपी गेली. आत वाटाण्याएवढा मांसाचा तुकडा होता, माणसाच्या हृदयाचा. हवालदार विचारणार, हृदय कोणाचं? ते मला माहीत नाही. आणि माहीत असतं तरी सांगायला बंदी आहे."

बाई एका संशोधनसंस्थेच्या प्रमुख होत्या; सगळे त्यांना मॅडम म्हणत. तिथे हृदयाच्या स्नायूंच्या आनुवंशिक आजारांचा अभ्यास चाले.

"जरा सविस्तर सांगा," वहिनी म्हणाल्या. "भावोजींना कळेल असं."

भावोजींना राग आला नाही. सवय होती.

"हृदयाचा स्नायू बनवायची कृती आपल्या पेशींमध्ये लिहिलेली असते," मॅडम म्हणाल्या. "तिच्या एकेका भागाला जनुक म्हणतात. काही घराण्यांत त्या लिखाणात एखादं अक्षर बदललेलं असतं. मग स्नायू सैल पडतो, हृदय फुगतं, थकतं. कधी ठोका एकदम बिघडतो आणि धडधाकट दिसणारा माणूस उभ्या उभ्या जातो."

"शुद्धलेखनाची चूक," भावोजी म्हणाले.

"अगदी. पण प्रत्येक चुकीनं अर्थ बदलत नाही. काहींनी फक्त मास्तर चिडतात."

भावोजींनी या विषयावर पुढे बोलणं टाळलं.

"आमच्याकडे एक कुटुंब आहे," मॅडम सांगू लागल्या. "मामा हृदयाच्या आजारानं गेले. त्यांच्या रक्तात असाच एक बदल सापडला होता. तोच बारा वर्षांच्या भाचीत निघाला. मुलगी पोहते. छान पोहते. बदल घातक आहे की नुसताच आहे, हे ठरेना, म्हणून आम्ही दोन वर्षं तिचं पोहणं बंद ठेवलं. गेल्या महिन्यात तोच बदल आम्हाला एका निरोगी हृदयात सापडला. अपघातात गेलेल्या माणसांची निरोगी हृदयं कधी दुसऱ्या कोणाला बसवता येत नाहीत. मग घरचे ती अभ्यासाला देतात. त्यांतलं हे. निरोगी माणूस तो बदल घेऊन आरामात जगत होता, म्हणजे बदल निरुपद्रवी. आम्ही मुलीला सांगितलं, पोह."

"आणि तुमचा हा निरोगी साक्षीदारच हरवला."

"नि-चौदा. नि म्हणजे निरोगी. सगळी लेबलं आपल्याच भाषेत हवीत, असा माझा आग्रह असतो." एवढं वाक्य बोलताना मॅडम क्षणभर खुर्चीत सरकून नीट बसल्या. "आम्ही निबंध एका शास्त्रीय मासिकाला पाठवला, तर त्यांचा परीक्षक म्हणाला, हा निरोगी बाहेरून पुन्हा तपासून घ्या. आज सकाळी कुपी पाठवायची होती. काल दुपारपर्यंत जागेवर होती. आज नाही."

"मुलगी आता पोहतेय?"

"रोज संध्याकाळी सहाला सराव असतो. रविवारी स्पर्धा."

"साक्षीदार हरवल्याचं तिच्या आईला कळवलंत?"

मॅडमनी पर्सचा चाप उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "निबंध अजून मागे घेतलेला नाही आम्ही."

"मी निबंधाचं विचारलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या आणि चपला घालायला उठल्या.

* * *

संस्थेच्या तळमजल्यावर उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर होता. उभा, कपाटाएवढा, अखंड घरघरणारा. दारावर एक छोटा पडदा होता आणि दार कधी व किती वेळ उघडलं याची नोंद त्यावर राही.

"काल दुपारी चार वाजून दहा मिनिटं," मॅडमनी वाचलं. "बावीस सेकंद. त्यानंतर आज सकाळी आम्हीच उघडला."

"तेव्हा कोण कुठे होतं?"

"चहाची वेळ. सगळे सगळीकडे."

वहिनींनी फाटकावरच्या पहारेकऱ्याला आधीच गाठलं होतं. काल दुपारनंतर कोणीही डबा, थर्मास किंवा बर्फाची पेटी घेऊन बाहेर गेलं नव्हतं. आणि नुसत्या खिशात ठेवली, तर कुपी पाच मिनिटांत वितळून निकाली निघते.

"म्हणजे चोराला ती नासवायचीच होती," भावोजी कुजबुजले.

"नासवायची तर पळवायची कशाला? बाहेर काढून टेबलावर ठेवली की झालं. तुम्ही शोधलंत कुठे कुठे?" हा प्रश्न मॅडमना होता.

"निरोगी हृदयांचे सगळे खण. आजारी हृदयांचे सगळे खण. कचरा. सगळ्यांच्या पिशव्या, माझीसुद्धा."

"हे खालचे?"

"ते जुने. आमच्या अभ्यासात नाहीत. तिथल्या खुणा फक्त नमुनेकाकांना कळतात."

नमुनेकाका म्हणजे सगळ्या नमुन्यांचे राखणदार. मात्र ते स्वतःही एक नमुना होते, हे टोपणनाव ठेवणाऱ्यांच्या मनात नव्हतंच असं म्हणवत नाही.

* * *

पहिला भेटला तो तरुण संशोधक. त्याला सगळे निबंधराव म्हणत, कारण कधीही विचारलं तरी त्याचा एक शोधनिबंध 'जवळजवळ झालेला' असे.

"फ्रीझरमध्ये हात कोण घालतं?"

"मी आणि काका. बाकीच्यांना घालायला लावला, तर हात गोठतील पण कुपी मिळणार नाही."

"नि-तीन काढून दाखवा बरं."

निबंधरावानं जाड हातमोजे चढवले. यादी पाहिली. खण ओढला, चुकीचा निघाला, दुसरा ओढला. भावोजींनी घड्याळ लावलं होतं. तीन मिनिटं चाळीस सेकंद.

"हे माझं चांगल्यापैकी आहे," तो ओशाळून म्हणाला.

नि-तीनवर छापील लेबल होतं. वहिनींनी ते वाचलं. "नि-चौदा अशीच होती?"

"नाही. तिच्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. तेव्हा प्रिंटर बंद असेल. तेरानंतर चौदा, क्रम बरोबर होता. अक्षर काकांचं."

"काकांना विचारलंत?"

"अक्षर स्वच्छ होतं हो. काय विचारायचं?"

त्याच्या टेबलामागच्या भिंतीला एक आलेख चिकटवलेला होता. वर निळ्या ठिपक्यांचा पुंजका, खाली लाल ठिपक्यांचा.

"निळे निरोगी," निबंधराव म्हणाला. "स्नायूतली जनुकं किती जोमानं काम करतात, त्याचं हे मोजमाप. हृदय थकलं की ठिपका खाली घसरतो. ते लाल."

वहिनींनी बोटानं निळे मोजले. "तेराच आहेत."

"चौदावा जरा... खाली येत होता. लालांच्यात. तुकडा गोठवताना काहीतरी बिघडलं असणार. मॅडम म्हणाल्या, एवढ्या एकासाठी आलेख विस्कटायला नको. काढून टाक."

"आलेखातून काढला. पण मुलीच्या बाबतीत साक्षीला ठेवला."

"तो वेगळा निबंध आहे ना," निबंधराव म्हणाला. वाक्य पुरं होता होता त्याचे कान लाल झाले. ते कोणत्याही आलेखात धरले नाहीत.

बाहेर आल्यावर भावोजींनी आपला निष्कर्ष जाहीर केला. "हाच. तपासणीत पितळ उघडं पडणार म्हणून भ्याला."

"कसलं पितळ? बाहेर तपासली असती तरी त्या कुपीत तोच बदल सापडला असता. त्याचा निबंध छापून आला असता. त्याला आणि मॅडमना ती कुपी हवीच होती, भावोजी. दोघांनी मिळून तिला फुलं वाहिली असती."

"मग त्या... समजूतवाल्या?"

"चला, बघू."

* * *

घरच्यांना आजार समजावून सांगणं हे ज्यांचं काम, त्यांना संस्थेत समजूतताई म्हणत. त्यांच्या खोलीत दोन मऊ खुर्च्या, एक रुमालांचं खोकं आणि भिंतीवर सहा वर्षांपूर्वीचं एक परिपत्रक होतं. खाली मॅडमची सही होती.

भावोजी मोठ्यानं वाचू लागले. "'रोगी' म्हणू नये, 'सहभागी' म्हणावे. 'दोष' म्हणू नये, 'बदल' म्हणावे. 'निकामी हृदय' म्हणू नये, 'अशक्त हृदय' म्हणावे. 'मेला' म्हणू नये—"

"पुरे," वहिनी म्हणाल्या.

"लोकांना लागतं हो," समजूतताई म्हणाल्या. "आधीच घाबरलेले असतात. मी इथे पाच वर्षं आहे, यांतला एकही वाईट शब्द माझ्या तोंडून गेलेला नाही."

"निरोगी हृदयं देणाऱ्या घरांची संमतिपत्रं तुमच्याकडे असतात?"

"सगळी." त्यांनी फाईल काढली. वहिनींनी पानं उलटली. तेरा.

"चौदावं?"

समजूतताईंनी नजर चुकवली. "माझ्याही लक्षात आलं होतं ते. वाटलं, आधीच्या बाईंनी कुठेतरी घातलं असेल. शोधायचं राहूनच गेलं."

"मुलीच्या आईला फोन तुम्हीच केलात?"

"हो. इतकी रडली बिचारी आनंदानं! सोमवारी चहाला मी सगळ्यांना सांगितलं, आपल्या नि-चौदामुळे पोर रविवारी पाण्यात उतरतेय."

"सगळ्यांना म्हणजे?"

"मॅडम नव्हत्या. मी, निबंधराव, काका. निबंधरावांनी टाळ्या वाजवल्या."

"काकांनी?"

"काका..." त्या आठवू लागल्या. "ते उठून गेले बहुतेक. हो, अर्धं बिस्कीट बशीत तसंच होतं. एरवी चुरासुद्धा ठेवत नाहीत."

* * *

नमुनेकाकांची खोली फ्रीझरच्या शेजारीच होती. एकतीस वर्षं त्यांनी नमुने सांभाळले होते आणि शुक्रवारी त्यांचा निरोपसमारंभ होता. टेबलावर कात्री कात्रीच्या जागी होती, पट्टी पट्टीच्या. भावोजींनी छत्री खुर्चीला लावली, ती काकांनी उचलून कोपऱ्यातल्या डब्यात उभी केली. भावोजींनी पेन टेबलावर ठेवलं, ते काकांनी बोलता बोलता त्यांच्या खिशाला लावलं.

"एकतीस वर्षांत माझ्या हातून एक कुपी हरवलेली नाही," काका म्हणाले.

"मग ही?"

"ही सापडत नाहीये."

"चोरीला गेली?"

"असं मॅडम म्हणतात."

वहिनींनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. काकांनी रबर उचललं आणि होतं तिथेच ठेवलं.

"हा फ्रीझर नवा दिसतो."

"दोन वर्षं झाली. जुना एका दुपारी बंद पडला, वीजही गेली. सात हजार कुप्या आम्ही हातानं हलवल्या, विजेरीच्या उजेडात. बोटं आठवडाभर बधिर होती."

"त्यात एखादी इकडची तिकडे..."

"माझ्याकडून?" काकांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "अंधार होता," ते म्हणाले.

"तुमचे जुने नमुने कशाचे आहेत?"

"हृदय बदलायची शस्त्रक्रिया होते ना, तेव्हा काढलेल्या जुन्या हृदयाचा तुकडा आमच्याकडे येतो. एका हृदयाची एक ओळ, ते बघा रजिस्टर. पेन्सिलीनं लिहिलंय सगळं. थंडीत शाई उडते, पेन्सिल टिकते. ती सगळी निका—" काकांनी जीभ चावली. "अशक्त हृदयं. अशक्त म्हणायचं असतं आता."

वहिनी उठल्या. "भावोजी, सगळ्यांना बोलवा. किती वाजले?"

"पाच वाजून दहा."

"मग जरा पळत."

* * *

चहाच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या आणि माणसं सहा. काका उभे राहिले.

"माझं काम चोर शोधायचं," वहिनींनी सुरुवात केली. "पण आधी एक साधा प्रश्न. कुपी गेल्यानं काय बिघडलं? बाहेरची तपासणी थांबली. ती झाली असती तर बदल पुन्हा सापडला असता, निरोगी हृदयात बदल आहे यावर शिक्का बसला असता, आणि मुलगी पोहत राहिली असती. म्हणजे हा चोर असा, की ज्याला तो शिक्का बसू द्यायचा नव्हता. ज्याला माहीत होतं, की नि-चौदा निरोगी नाही."

"निरोगी नाही म्हणजे?" मॅडम म्हणाल्या. "नि म्हणजेच—"

"नि म्हणजे काय ते शेवटी. आधी तुम्ही काय काय पाहिलंत ते बघू. निबंधरावांनी पाहिलं, तेरा कुप्यांवर छापील लेबलं आणि चौदावीवर पेन्सिल. समजूतताईंनी पाहिलं, संमतिपत्रं तेरा. मॅडमनी पाहिलं, तेरा ठिपके वर आणि चौदावा खाली, आजारी हृदयांच्या घोळक्यात. तो ठिपका बिचारा ओरडून सांगत होता, की मी तुमच्यातला नव्हे. तुम्ही त्याला खोलीबाहेर काढलंत आणि साक्षीला मात्र बोलावलंत."

फ्रीझरची घरघर भिंतीतून ऐकू येत होती.

"चौदावं हृदय निरोगी नव्हतं, कारण निरोगी हृदयं तेराच आहेत. मग पेन्सिलीतली नि-चौदा आली कुठून? दोन वर्षांपूर्वी, अंधारात, जुन्या खणातून. तिथे पेन्सिलच चालते. तुमची मालिका तेरावर थांबलेली, ही चौदा. इतकी चपखल बसली, की कोणी तिला नाव विचारलं नाही."

"पण जुन्या खणांत आजारी हृदयं आहेत," निबंधराव म्हणाला. "त्यांच्यावर नि कशाला असेल?"

वहिनी काकांकडे वळल्या. "तुमच्या वेळी त्या हृदयांना काय म्हणायचे हो? परिपत्रक निघायच्या आधी?"

काकांनी या वेळी जीभ चावली नाही.

"निकामी."

भावोजींना प्रथम कळलं नाही. मग कळलं, आणि एवढं उशिरा कळल्याची त्यांना लाज वाटली. खोलीत त्या दिवशी लाज मुबलक होती. त्यांच्या वाट्याला त्यातली थोडीच आली.

"नि म्हणजे निकामी," वहिनी म्हणाल्या. "आणि नि म्हणजे निरोगीसुद्धा. लोकांना लागू नये म्हणून तुम्ही एक शब्द घराबाहेर काढलात, मॅडम. चांगलंच केलंत. पण त्याचं पहिलं अक्षर तळमजल्यावर उणे ऐंशी अंशांत राहत होतं. नव्या माणसांनी निकामी हा शब्द इथे कधी ऐकलाच नाही. मग त्यांनी नि पाहिला की निरोगीच वाचणार."

"आणि चोर?" मॅडमनी विचारलं, पण त्यांचं लक्ष चोराकडे राहिलं नव्हतं.

"बावीस सेकंदांत कुपी काढणारा इथे एकच माणूस आहे. सोमवारी ज्यानं नि-चौदाचं नाव ऐकून बिस्कीट अर्धं टाकलं. फक्त मला एक कोडं होतं, त्यानं ती नेली कुठे? बाहेर गेली नाही. वितळवली नाही. एकतीस वर्षांत ज्यानं एक कुपी टाकली नाही, तो ही टाकेल कसा? जो भावोजींचं पेनसुद्धा टेबलावर राहू देत नाही, तो माणूस वस्तू कुठे ठेवील? तिच्या जागेवर."

काका निघाले. मागोमाग सगळे. काकांनी हातमोजे घातले, दार उघडलं, खालून दुसरा खण ओढला, आणि नि-तेरा आणि नि-पंधराच्या मधून पांढुरकी कुपी उचलून दाखवली. दार बंद झालं तेव्हा पडद्यावर बावीसऐवजी एकोणीस सेकंद दिसले.

"चोरी झालीच नाही," भावोजी म्हणाले. "वस्तू दोन वर्षांनी जागेवर गेली."

"रजिस्टर," वहिनी म्हणाल्या.

पेन्सिलीतली ओळ फिकट पण स्वच्छ होती. नि-चौदा. पुरुष. वय अठ्ठेचाळीस. हृदय बदलले. पुढे शस्त्रक्रियेची तारीख. समजूतताई वाकून वाचायला लागल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"ही तारीख मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "त्या घराच्या कागदांवर दर पानावर आहे. हे मामांचं हृदय आहे. तिच्याच मामांचं."

निबंधराव फ्रीझरच्या शेजारी खाली फरशीवर बसला. ज्या बदलानं मामा, हृदय बदलूनही, गेला, तो बदल घातक नाही अशी साक्ष मामाच्याच हृदयाकडून घेतली गेली होती. आणि त्या साक्षीवर भाची पाण्यात उतरली होती.

"सोमवारी कळलं मला," काका म्हणाले. "हलवताना माझ्याच हातून गेली असणार ती, दुसऱ्या कोणाचा हात जुन्या खणात गेला नव्हता. वाटलं, आत्ता सांगावं. आणि मग वाटलं, शुक्रवारी सगळे येणार, एकतीस वर्षं बिनचूक असं निरोपाच्या पाटीवर कोरलंय. म्हटलं, कुपी नाहीशी झाली की साक्ष जाईल. साक्ष गेली की तुम्ही त्या पोरीला थांबवाल. मला बोलावं लागणार नाही."

"आणि आम्ही तपासनीस बोलावला," मॅडम म्हणाल्या.

"रात्रभर जागा होतो मी. आज दिवसभर वाट बघत होतो, आता फोन करतील, आता करतील."

भावोजींनी काकांकडे पाहिलं आणि त्यांना त्या माणसाचा राग येईना. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "ती कुपी जागेवरच असेल हे तुम्हाला इतक्या खात्रीनं कसं कळलं? पेनावरून?"

वहिनींनी रजिस्टर मिटलं.

"कंपनीत मी एका बाईचा दावा नाकारला होता," त्या म्हणाल्या. "तारखेवरून. पुढे कळलं, तारीख मीच चुकीची वाचली होती. मी ती फाईल गुपचूप बरोबर खणात नेऊन ठेवली आणि वाट पाहिली, की कोणीतरी स्वतःहून काढेल."

"काढली?"

"नाही."

भावोजींनी आयुष्यात प्रथमच पुढचा प्रश्न विचारला नाही.

घड्याळात पाच चाळीस झाले होते. समजूतताईंनी फोन उचलला. "मी करते. त्यांना माझा आवाज ओळखीचा आहे."

"नको," मॅडम म्हणाल्या. "द्या इकडे." त्यांनी नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. चौघांनी उभ्यानं ऐकलं. निबंधरावानं फरशीवरून ऐकलं.

"हॅलो?" आवाज बारीक होता.

"आई आहे का, बाळ?"

"आई कामावर गेलीये. फोन घरीच विसरलीये. कोण बोलतंय?"

मॅडमनी सांगितलं.

"अय्या, हृदयवाल्या मॅडम! मी निघालेच होते. पिशवी भरली. रविवारी याल ना बघायला?"

"बाळ, आज तलावावर जाऊ नकोस."

"का? आजच्या दिवस?"

"आज नाही. उद्या नाही. रविवारी पण नाही."

मग आवाज आला, राग नसलेला, नुसता खात्री करून घेणारा. "पण तुम्हीच तर हो म्हणाला होतात."

मॅडमच्या जिभेवर प्रिंटर आला. अंधार आला. परीक्षक आला, काका आले. एकेक करून सगळे परत गेले.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच म्हणाले होते. ते चुकलं. चूक माझी."

"मग माझं मामासारखं होणार?"

"तसं होऊ नये म्हणूनच फोन केला. वेळेवर कळलं तर औषधं आहेत, ठोक्यावर लक्ष ठेवणारं यंत्र आहे. मामांना कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तुला आत्ता कळलंय. मी आत्ता तुमच्या घरी येते. आई येईपर्यंत तुझ्याजवळ बसते. आईला मीच सांगेन."

पलीकडे काहीतरी जड जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. चेन सरकल्याचा आवाज झाला. मग खुर्ची ओढल्याचा.

"पिशवी ठेवली," मुलगी म्हणाली. "या तुम्ही. पण आधी मला सांगा. सगळं सांगा, आणि मोठ्या माणसांना सांगता तसं सांगा."

मॅडम काकांनी पुढे केलेल्या खुर्चीत बसल्या, पार मागे सरकून, आणि सांगू लागल्या.